शिंगाळ्याचा काटा आणि सरळ न होणारं बोट

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, नमस्कार. आम्ही हर्णैजवळ राहतो. माझ्या सासूबाई बंदरावर लिलावात मासळी घेतात आणि दापोलीला नेऊन विकतात. आठ दिवसांपूर्वी पाटीतली मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात घुसला, तळव्याच्या बाजूने, मधल्या सांध्याच्या घडीवर. मासा मेलेला होता, तरी हात खांद्यापर्यंत ठणकत होता. सासऱ्यांनी काटा उपसला, रॉकेल ओतलं, वर हळद-चुना भरला. संध्याकाळी गावातल्या डॉक्टरांकडून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी बरंच उतरलं, पण चौथ्या दिवसापासून बोट पुन्हा फुगायला लागलं. आता ते अर्धवट वाकलेलंच राहतं, सरळ करायला गेलं की त्या ओरडतात. मेडिकलमधून आणलेल्या कॅप्सूल चालू आहेत. त्यांना शुगर आहे. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणतात, "बोट कापतील, मग पाटी कशी उचलू?" सासरे म्हणतात, विष अंगात राहिलंय, ते उतरवायचं इंजेक्शन कुठे मिळतं ते विचार. आणि पुढच्या वेळी असं झालं तर करायचं काय? कोणी म्हणतं चीर देऊन रक्त काढा, कोणी बर्फ लावा, कोणी गरम पाणी. – एक सून

उत्तर:

तुमचं पत्र वाचून झाल्यावर सदर छापून येईपर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं, म्हणून त्याच दुपारी तुम्हाला फोन केला आणि सांगितलं की सासूबाईंना आजच उपजिल्हा रुग्णालयात न्या, उद्याची वाट बघू नका. तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत आज असंच एखादं बोट हळदीच्या लेपाखाली झाकलेलं असेल.

आधी सासऱ्यांच्या शंकेबद्दल. आठव्या दिवशी विष राहत नाही. शिंगाळ्याच्या विषाचा जोर पहिल्या काही तासांचा असतो, फार तर एक-दोन दिवसांचा. सासूबाईंचं दुखणं दुसऱ्या दिवशी उतरलं, तेव्हाच विषाचं काम संपलं होतं. चौथ्या दिवशी जे सुरू झालं ते वेगळं दुखणं आहे. काट्याबरोबर आत गेलेले जंतू वाढले आहेत, आणि बहुधा काट्याचा किंवा त्याच्या सालीचा तुकडाही आत राहिला आहे. दुखणं एकदा उतरून पुन्हा वर आलं, ही पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. त्यामुळे विष उतरवायच्या इंजेक्शनच्या शोधात एक तासही घालवू नका. मुंबईत हाफकिनमध्ये तयार होत आलेलं ते सर्पदंशावरचं प्रतिविष. माशाच्या विषावर ते चालत नाही, उलट त्याची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. माशांपैकी स्टोनफिशसाठी ऑस्ट्रेलियात प्रतिविष बनवतात. आपल्या शिंगाळ्याला किंवा पाकटाला त्याचा उपयोग नाही आणि गरजही नाही.

आता हे बोट इतकं घाईचं का, ते सांगते. बोट वाकवणारे स्नायू असतात कोपराखाली, आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून तळव्यात आणि तिथून बोटाच्या टोकापर्यंत जातात. बोटात शिरल्यावर ही कंडरा एका बंद आवरणातून सरकते, परकराच्या नेफ्यातून नाडी सरकावी तशी. आवरणात थोडासा वंगणासारखा द्रव असतो, रक्तपुरवठा मात्र फारच कमी. तिथे जंतू शिरले की त्यांना अडवणारं काही नसतं आणि पू बाहेर पडायला वाट नसते. आत दाब वाढत जातो, कंडरेला मिळणारं थोडंसं रक्तही बंद होतं, आणि ती मरते किंवा आवरणाला चिकटून बसते. त्यात सासूबाईंचा काटा गेला सांध्याच्या घडीवर. तुमचं स्वतःचं मधलं बोट थोडं वाकवून तळव्याकडून पाहा. पेरांवर मऊ मांसाची गादी आहे, पण घडीच्या रेषेवर कातडीखाली जवळजवळ काहीच नाही, लगेच आवरण लागतं. तिथे टोचलेला काटा बाहेरून सुईच्या टोकाएवढा दिसतो आणि थेट आवरणात पोचलेला असतो.

शिकागोचे शल्यविशारद अ‍ॅलन कॅनाव्हेल यांनी शंभरेक वर्षांपूर्वी या आवरणाच्या जंतुसंसर्गाच्या खुणा नोंदवल्या, आणि आजही आम्ही डॉक्टर त्याच तपासतो. बोट थोडं वाकलेल्या स्थितीतच राहतं. ते एका ठिकाणी गाठ आल्यासारखं न सुजता मुळापासून टोकापर्यंत सगळंच फुगतं. तळव्याच्या बाजूने आवरणाच्या रेषेवर कुठेही दाबलं तरी दुखतं. आणि दुसऱ्याने बोट हलकेच सरळ करायचा प्रयत्न केला की असह्य कळ येते. यातल्या दोन खुणा तुम्ही पत्रात न विचारता लिहिल्या आहेत, तिसरीही अर्धीमुर्धी त्यात आहे. म्हणूनच मी फोन केला. या खुणा दिसत असताना कोणत्याही दुकानातली कोणतीही कॅप्सूल घरी बसून घेत राहणं म्हणजे बोट गमावायची तयारी करणं.

"बोट कापतील" या भीतीबद्दल सासूबाईंशी मला थेट बोलायचं आहे, त्यांना हे वाचून दाखवा.

आई, बोट कापायची वेळ येते ती बहुतेक उशिरा आलेल्यांवर, आणि शुगर असलेल्यांवर ती लवकर येते. लवकर आलेल्या माणसावर होणारी शस्त्रक्रिया बोट वाचवण्यासाठीच असते. साधारणपणे फक्त हात बधिर करतात. तळव्यात आणि बोटावर छोटे छेद घेऊन आवरण उघडतात, पू काढतात, बारीक नळीतून सलाईन सोडून आतून धुतात, काट्याचा तुकडा सापडला तर काढतात. जखम लगेच घट्ट शिवत नाहीत, ते मुद्दाम असतं, त्याने घाबरू नका. तुम्ही आयुष्यभर या हातावर घर चालवलंत. या हाताची मूठ पुन्हा वळावी, त्यात पाटीची कड धरता यावी, एवढंच सर्जनला हवं असतं. मात्र वेळ त्यांच्या हातात नाही, ती तुमच्या हातात आहे.

रुग्णालयात गेल्यावर काही गोष्टी तुम्ही, म्हणजे सुनेने, आपणहून सांगायच्या. समुद्रातल्या माशाचा काटा लागला आहे, हे पहिलं. घरात कपाटाच्या पत्र्याने कापलं तर जे जंतू असतात त्यांच्यापेक्षा समुद्राच्या पाण्यातले जंतू वेगळे, आणि नेहमीच्या कॅप्सूलना त्यातले काही दाद देत नाहीत. कोणतं अँटिबायोटिक द्यायचं हे त्यावर ठरतं. दुसरं, शुगर आहे आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत, मेडिकलच्या कॅप्सूलचं पाकीटही बरोबर न्या. तिसरं, एक्स-रे काढला का हे विचारा. काट्याचा हाडासारखा तुकडा एक्स-रेत बरेचदा दिसतो, त्याची साल मात्र दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी लागू शकते. पू निघाला तर तो तपासणीला पाठवा, अशी विनंती करा. तिथे हाताचं काम करणारे सर्जन नसतील तर ते रत्नागिरीला किंवा मुंबईला पाठवतील. पाठवलं तर जा. मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी आणि ऑर्थोपेडिक विभाग अशा हातांवर रोज काम करतात. खर्चाची काळजी असेल तर, 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. खासगीत जावं लागलंच तर रेशनकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेबद्दल विचारा.

लेप लावणं, शेकणं, बोट चोळणं, पिळून पू काढायचा प्रयत्न करणं, सगळं थांबवा. हात उशीवर छातीपेक्षा उंच ठेवा. आणि बोटात अंगठी, हातात बांगड्या असतील तर आधी त्या काढा. सौभाग्याच्या बांगड्या फोडायला बायका तयार होत नाहीत, हे मला माहीत आहे. पण सुजलेल्या मनगटावर काचेची बांगडी आणि सुजलेल्या बोटात अंगठी रुतली की रक्त थांबतं. साबणाच्या पाण्याने निघाली तर ठीक, नाहीतर कापून काढायची.

आता पुढच्या वेळेबद्दल, आणि हा भाग बंदरावरच्या सगळ्यांसाठी आहे.

शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि एकेक दोन्ही कल्ल्यांमागच्या परांत. मासा घाबरला की ते ताठ उभे करून मुळाशी अडकवून टाकतो, आणि तसाच मेला तर ते तसेच उभे राहतात. काट्याच्या कडांना बारीक दाते असतात, मागच्या बाजूला वळलेले, म्हणून आत जाताना सहज जातो आणि बाहेर येताना फाडत येतो. विषाची पिशवी वगैरे काही नसते. काट्यावरच्या पातळ सालीतच विषाच्या पेशी असतात, ती साल जखमेत फाटते आणि विष तिथेच सुटतं. म्हणूनच मेलेल्या माशाचाही काटा लागतो, बर्फातून काढलेल्या माशाचासुद्धा. पाकटाचं तसंच, त्याचा काटा शेपटीवर असतो आणि जखम मोठी होते. 2013 साली गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या अनेकांना पाकटाने डंख मारले होते आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं, ते कित्येकांना आठवत असेल.

या सगळ्या माशांचं विष प्रथिनांचं असतं आणि ते उष्णतेपुढे टिकत नाही. म्हणून तुम्हाला मिळालेल्या तीन सल्ल्यांपैकी गरम पाण्याचा बरोबर, बाकी दोन चूक. बर्फाने या दुखण्यात आराम पडत नाही. चीर दिल्याने विष बाहेर येत नाही, उलट बोटातल्या नसा आणि रक्तवाहिन्या कापल्या जातात, त्या कातडीच्या अगदी जवळ असतात. तोंडाने चोखू नका. दोरी किंवा रुमाल करकचून बांधू नका. रॉकेलने कातडी भाजते, आणि हळद-चुन्याने जखमेचं तोंड बुजून जंतू आत कोंडले जातात. तुमच्या सासऱ्यांनी घाबरून, मायेनेच केलं असणार, त्यांना बोल लावू नका. पण पुढच्या वेळी हे नको.

गरम म्हणजे किती, इथे चुका होतात. पाणी 42 ते 45 अंशांच्या दरम्यान हवं, म्हणजे हात सोसेल तेवढं कढत, भाजणार नाही असं. थर्मामीटर कोणाकडे नसतो, म्हणून अंदाज सांगते. बादलीत आधी चार तांबे साधं पाणी घ्या आणि त्यात एक तांब्या उकळतं पाणी ओता. साधारण हवं ते तापमान येतं. बाजारात चहाची टपरी असतेच, बोटीवरही जेवणाची शेगडी असते, तेव्हा पाणी मिळत नाही ही सबब फारशी खरी नाही. पाणी आधी न दुखावलेल्या हाताने तपासायचं, किंवा शेजारच्या माणसाने. दुखावलेल्या हाताला विषाच्या कळेपुढे पाण्याचा चटका कळत नाही. शुगरमुळे हाताला बधिरपणा आला असेल तर दुसऱ्यानेच तपासलं पाहिजे. वेदनेपोटी उकळत्या पाण्यात हात घालून कातडी सोलवटून आलेले खलाशी मी पाहिले आहेत, त्यांचं मूळ दुखणं राहिलं बाजूला आणि भाजल्याचे उपचार करावे लागले. पाणी निवायला लागलं की हात बाहेर काढायचा, गरम पाणी घालायचं, पुन्हा तपासायचं, मग हात आत. असं अर्धा तास ते दीड तास, कळ थांबेपर्यंत. बहुतेकांना अर्ध्या तासात फरक कळतो. कळ पुन्हा वर आली तर पुन्हा बुडवा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही.

पण त्याआधी दोन मिनिटांची कामं असतात. अंगठी आणि बांगड्या सूज यायच्या आत काढा. जखमेतून थोडं रक्त आपोआप वाहू द्या, मग साबण आणि पिण्याच्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, जेटीजवळच्या पाण्याने नाही. काट्याचा तुकडा वर दिसत असेल आणि चिमट्याने सहज निघत असेल तर काढा. कधी अख्खा शिंगाळाच बोटाला लटकतो. तेव्हा मासा ओढून काढू नका. पक्कडीने काटा माशाजवळ कापा, मासा बाजूला करा आणि हातातला काटा न हलवता दवाखाना गाठा. सांध्यात किंवा मनगटात खोल गेलेल्या काट्याला तर अजिबात हात लावू नका. रक्त उसळून येत असेल तर वर कापड दाबून धरा आणि तसेच निघा.

गरम पाण्याने कळ थांबली की लोक समजतात, झालं, बरं झालं. इथेच तुमच्या सासूबाईंसारखी फसगत होते. गरम पाणी विषावरचा उपाय आहे. आत गेलेल्या जंतूंवर आणि तुकड्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. म्हणून हाताच्या बोटात, तळव्यात किंवा सांध्याजवळ काटा खोल गेला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि दोन दिवसांनी पुन्हा दाखवा. कोणी जखम टाके घालून लगेच बंद करायला निघालं तर ती समुद्रातल्या काट्याची आहे हे आठवण करून द्या. अशी टोचलेली जखम सहसा उघडीच ठेवतात.

काही खुणा अशा आहेत की त्यात गरम पाण्याचाही विचार करत बसू नये, 108 ला फोन करावा. श्वास अडकणं, ओठ-चेहरा सुजणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर येऊन पडणं, किंवा पाकटाचा काटा छातीत, पोटात, मानेत जाणं. आणि काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी हात लाल-जांभळा होऊन त्यावर पाण्याचे किंवा रक्ताचे फोड आले, सोबत ताप आला, तर रात्र असली तरी निघा. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. शुगर असलेल्यांना, आणि दारूने किंवा काविळीने यकृत खराब झालेल्यांना ते काही तासांत जिवावर बेततात. बोटीवर पिणारे बरेच जण असतात म्हणून हे स्पष्ट लिहिते.

याच्या अगदी उलट, फार सावकाश चालणारं एक दुखणं आहे, त्याबद्दल मासळीवाल्या बायकांना कोणी सांगत नाही. काटा लागून जखम भरते, आणि दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, त्या जागी एक न दुखणारी गाठ येते. फुटते, भरते, पुन्हा येते, कधी हातावर वरच्या दिशेने आणखी गाठी उठतात. क्षयाच्या जंतूचा एक नातेवाईक, मायकोबॅक्टेरियम मरीनम, यामागे असू शकतो. नेहमीच्या गोळ्यांनी तो जात नाही. गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि मासळीचं काम करते हे प्रयोगशाळेला कळवावं लागतं, कारण हा जंतू शरीराच्या तापमानापेक्षा थंड, 30 अंशांच्या आसपास वाढतो आणि नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या तपासणीत निसटतो. औषध कित्येक महिने घ्यावं लागतं, पण बरा होतो. घरात शोभेच्या माशांची टाकी धुणाऱ्यांनाही हे होतं. गोड्या पाण्यात शिंगी मासा पकडणाऱ्यांसाठी जंतू वेगळे, पण गरम पाण्याचा उपाय तोच.

काटा लागूच नये म्हणून काय करावं? साध्या रबरी हातमोज्यातून शिंगाळ्याचा काटा आरपार जातो, आणि जाड हातमोजे घातले की मासळी निवडता येत नाही, ही तुमची अडचण खरी आहे. त्यातल्या त्यात, शिंगाळे आणि पाकट बोटीवरच वेगळे काढून त्यांचे काटे पक्कडीने मोडले, शेपट्या कापून एका डब्यात टाकल्या, तर पुढे लिलावात, पाटीत, विळीवर ज्यांचे हात लागणार ते वाचतात. काटा लागतो सहसा मासळी घाईने ढिगातून हाताने चाळताना. एखादी काठी किंवा लोखंडी आकडा घेऊन ढीग आधी पसरला तर उभा काटा दिसतो. हे एकट्या बाईने करून होणारं नाही, तुमच्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढा आणि बंदरावर एक थर्मास, एक बादली, एक पक्कड आणि साबण एवढं तरी ठेवायला लावा.

शेवटी, शस्त्रक्रिया झाल्यानंतरचं. बँडेजमधलं बोट दुखतं म्हणून सासूबाई ते जपून न हलवता ठेवतील, घरचेही म्हणतील आराम करू द्या. सर्जनने परवानगी दिली की, बहुधा एक-दोन दिवसांतच, बोट हलवायला सुरुवात करावीच लागते. न हलवलेली कंडरा आवरणाला चिकटते आणि मग बोट कायमचं आखडतं. फिजिओथेरपिस्ट शिकवतील ते व्यायाम दिवसातून अनेक वेळा, दुखलं तरी, तुम्ही समोर बसून करून घ्या. शुगर रोज तपासा, ती वर राहिली तर जखम भरणार नाही. जखम पूर्ण भरेपर्यंत मासळीला, बर्फाच्या पाण्याला आणि भांड्यांना तो हात लागू देऊ नका. तोवर बाजारात त्यांच्याऐवजी कोण बसणार हे आजच घरात ठरवा, म्हणजे त्या गिऱ्हाइकांच्या काळजीने जखम ओली असतानाच उठून बंदरावर जाणार नाहीत. बोट पहिल्यासारखं वळायला काही आठवडे जातील. ड्रेसिंगच्या वेळी बोट पुन्हा फुगलेलं, लाल किंवा टोकाला पांढरं-काळं दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात जा.